वय तपासा, पण कागद साठवू नका: वेबसाइटवर ‘१८+’ची तपासणी कशी करायची?



या आठवड्याच्या व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून विषय इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आधी माझ्या दुकानातला प्रसंग. आमचं किराणा आणि जनरल स्टोअर. संध्याकाळची गर्दी, आणि काउंटरपलीकडून आवाज आला, ‘काका, पप्पांनी तंबाखूची पुडी मागवलीय.’ बघितलं तर सातवी-आठवीतला पोरगा. (माझं वय चौतीस, पण पोरांच्या लेखी मी काकाच!) मी म्हटलं, ‘पप्पांनाच पाठव रे बाळा.’ पोरगा गेला. दोन सेकंदांत वय तपासून झालं, खर्च शून्य.

आता हेच दुकान वेबसाइटवर आहे असं समजा. रात्री साडेअकराला ऑर्डर पडते. नाव, पत्ता, पेमेंट सगळं ओके. पण पलीकडे पप्पा आहेत की पोरगा? काउंटरला डोळे असतात, वेबसाइटला नसतात. हे डोळे भाड्याने देणारा एक अख्खा धंदा आज जगभर उभा राहिलाय. त्याला म्हणतात एज व्हेरिफिकेशन, म्हणजे वय पडताळणी सेवा. ती काय करते, तुम्हाला लागते का, आणि घेताना कुठे फसायला होतं, हे आज बघू.

आधी माझी चूक सांगतो

दोन वर्षांपूर्वी मी ‘कर्जाची फाइल कशी तयार करायची’ यावर ऑनलाइन बॅच घेतली होती. अट एकच, वय १८ पूर्ण हवं. आता तपासायचं कसं? मी सोपा मार्ग काढला. फॉर्ममध्ये लिहिलं, ‘आधार कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.’ १३७ जणांनी पाठवले. मी जन्मतारीख बघायचो, यादीत टिक करायचो, पुढे.

तीन-चार महिन्यांनी त्या बॅचमधल्या एका ताईंचा फोन आला. ‘सर, बॅच तर संपली. माझ्या आधारचा फोटो तुम्ही काढून टाकला ना?’ मी सवयीने ‘हो हो, टाकला’ म्हणून मोकळा झालो.

फोन ठेवला आणि शोधायला बसलो. फोटो माझ्या फोनच्या गॅलरीत होते. लॅपटॉपवर होते. ड्राइव्हच्या बॅकअपमध्ये होते. अ‍ॅडमिशन बघणाऱ्या मुलाच्या फोनवर होते, आणि तो मुलगा काम सोडून गेला होता. वर आणखी एक. मधल्या काळात डिस्प्ले बदलायला माझा फोन दोन दिवस रिपेअरिंगच्या दुकानात पडून होता, पॅटर्न कागदावर काढून दिलेला!

मी ताईंना परत फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मी तर तुमच्या भरवशावर दिलं होतं.’ ते वाक्य अजून डोक्यातून गेलेलं नाही. पुढच्या दोन रात्री बसून सगळीकडचे फोटो काढले, त्या मुलाकडून समोर बसवून काढून घेतले. कोणाची तक्रार आजवर आली नाही. पण गैरवापर झालाच नाही असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मला हवं काय होतं? एकच उत्तर. १८ पूर्ण आहेत का, हो की नाही. आणि मी गोळा काय केलं? नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटो आणि आधार नंबर. तेही १३७ घरांचं.

म्हणून आजच्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे लिहून घ्या: वय तपासायला ग्राहकाची सगळी ओळख लागत नाही. तुम्हाला फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ हवंय, तेवढंच घ्या.

तुम्हाला याची गरज आहे का?

बरेच जण म्हणतात, ‘सर, हे अश्लील वेबसाइटवाल्यांचं लफडं, आपला काय संबंध?’ थांबा. चार प्रकारचे धंदे यात येतात.

१. वस्तूवर वयाची अट आहे. तंबाखू, सिगारेट १८ खालच्यांना विकायला २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने बंदी आहे. त्या कायद्यात दंड २०० रुपयांपर्यंत, म्हणून लोक हसण्यावारी नेतात. पण बाल न्याय अधिनियम २०१५चं कलम ७७ वाचा. मुलाला दारू किंवा तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. दारूला महाराष्ट्रात बीअर-वाइनसाठी २१ आणि बाकी मद्यासाठी २५ वर्षं पूर्ण लागतात, शिवाय विक्रीचं लायसन्स ही वेगळी गोष्ट. अ‍ॅसिड विकतानाही ग्राहक १८ वर्षांवरचा हवा आणि त्याचं सरकारी ओळखपत्र बघायला हवं, असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सांगितलंय. डिसेंबर २०२२ मध्ये वेबसाइटवर अ‍ॅसिड सहज मिळतं म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मोठ्या ऑनलाइन बाजारांना नोटिसा काढल्या होत्या.

२. मजकुरावर वयाची अट आहे. वेब सीरिज, शॉर्ट फिल्म दाखवणारा स्वतःचा प्लॅटफॉर्म काढताय? २०२१च्या आयटी नियमांप्रमाणे ‘यू/ए १३+’ आणि त्यावरच्या वर्गाला पालकांचं लॉक लागतं, आणि ‘ए’ वर्गाला वय तपासायची विश्वासार्ह सोय लागते.

३. तुमचे ग्राहकच मुलं आहेत. ट्यूशनचं अ‍ॅप, चित्रकला स्पर्धेचा ऑनलाइन फॉर्म, मुलांच्या कपड्यांच्या दुकानाचा ‘बर्थडे क्लब’. इथे उलटं आहे. मोठ्यांना आत घ्यायचं नसून मूल कोण हे ओळखून पालकांची संमती घ्यायची असते. यावर खाली वेगळं लिहिलंय.

४. ग्राहक परदेशात आहे. तुम्ही गावात बसून इंग्लंडच्या क्लायंटची वेबसाइट बनवता, किंवा स्वयंपाकघरातले चाकू तिकडे पाठवता. तिकडे काही अपवाद सोडले तर १८ खालच्याला चाकू विकणं गुन्हा आहे, आणि ऑनलाइन विकणाऱ्यालाही वय तपासावं लागतं. क्लायंट विचारणारच, ‘एज चेक लावता येईल का?’ तेव्हा गोंधळून जाऊ नका.

आणि एक लाल शाईत लिहा. गेट लावलं म्हणून बंदी उठत नाही. अश्लील मजकूर वेबसाइटवर टाकणं आपल्याकडे आयटी कायद्याच्या कलम ६७ आणि ६७अ खाली गुन्हा आहे, बघणारा १८चा असो की ५८चा. ई-सिगारेट २०१९पासून बंद. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम २०२५च्या कायद्याने बंद. या धंद्यांना ‘१८+’ची पाटी लावून कोणी तुम्हाला भागीदार करायला आला, तर हात जोडा आणि दाराकडे बोट दाखवा.

ही सेवा चालते कशी?

ट्रकवाल्यांचा वजनकाटा आठवा. व्यापारी स्वतः ट्रक तोलत नाही. ट्रक काट्यावर जातो, पावती मिळते, व्यापारी पावती बघतो. वय पडताळणी अगदी तशीच.

१. ग्राहक तुमच्या साइटवर अटीची वस्तू निवडतो.
२. तुमची साइट त्याला सेवा देणाऱ्या कंपनीच्या पानावर पाठवते.
३. तिथे त्याची तपासणी होते: चेहरा, कागदपत्र किंवा दुसरी काही पद्धत.
४. कंपनी तुमच्या साइटला फक्त एक उत्तर पाठवते. ‘१८ पूर्ण: हो’ आणि सोबत एक पावती नंबर. त्याला टोकन म्हणतात.
५. ग्राहक तुमच्या साइटवर परत येतो, पेमेंट करतो.

बघा, या सगळ्यात त्याचा फोटो किंवा आधार तुमच्याकडे आलाच नाही. उद्या कोणी तुमची साइट हॅक केली तरी हाती लागणार फक्त पावती नंबर. सेवेला पैसे मोजायचे ते याच्यासाठी. नुसती तपासणी तर मी पण केली होती हो, व्हॉट्सअ‍ॅपवर!

तपासायच्या पद्धती: कुठली पक्की, कुठली कच्ची?

‘मी १८ वर्षांचा आहे’ ही टिक. फुकट आहे आणि तेवढीच किंमत आहे. पोरगं पण टिक करतं.

जन्मतारीख विचारणं. टिकचाच थोरला भाऊ. मुलं २००० साल निवडतात आणि आत जातात. शिवाय तुमच्याकडे जन्मतारखांचा साठा होतो, तो वेगळा ताप.

मोबाइल ओटीपी. आपल्याकडे सिम १८ खालच्याला मिळत नाही, म्हणून वाटतं ओटीपी आला म्हणजे माणूस मोठा. पण सिम आईच्या नावावर आणि फोन मुलाच्या हातात, हे तुमच्याच घरात बघा. ओटीपीने नंबर चालू आहे एवढंच कळतं.

पेमेंट झालं म्हणजे मोठा. हाही गैरसमज. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः बचत खातं चालवायची मुभा द्यायला बँकांना परवानगी दिली. डेबिट कार्ड मुलाकडे असू शकतं. इंग्लंडनेही डेबिट कार्डाचं पेमेंट हा वयाचा पुरावा मानलेला नाही. क्रेडिट कार्डाची तपासणी तिथे चालते, कारण तिथे ते १८ खालच्याला मिळत नाही.

कागदपत्र आणि सेल्फी. ग्राहक ओळखपत्र दाखवतो, मग कॅमेऱ्यात बघतो. सॉफ्टवेअर दोन्ही चेहरे जुळवतं आणि समोर जिवंत माणूस आहे का ते तपासतं, मान वळवा, डोळे मिटा वगैरे. पद्धत पक्की, पण वेळखाऊ. आणि इथेच सगळ्यात जास्त माहिती गोळा होते, म्हणून ती कोण ठेवतं हा प्रश्न सगळ्यात मोठा.

चेहऱ्यावरून वयाचा अंदाज. यात कागद लागत नाही. कॅमेरा चेहरा बघतो आणि सॉफ्टवेअर अंदाज सांगतं. पण अंदाज तो अंदाज. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेने मे २०२४ मध्ये अशा सहा सॉफ्टवेअरची तपासणी प्रसिद्ध केली. व्हिसाच्या फोटोंवर २०१४ मध्ये सर्वांत चांगल्या सॉफ्टवेअरची सरासरी चूक ४.३ वर्षांची होती, ती २०२४च्या तपासणीत ३.१ वर आली. आणि बायकांच्या चेहऱ्यांवर चूक पुरुषांपेक्षा बहुतेक वेळा जास्त निघाली. म्हणजे १७ आणि १९ मधला फरक मशीन डोळे झाकून सांगेल हे विसरा. म्हणून मधे पट्टी ठेवतात. मशीनला २५च्या वर वाटला तर सोडा, त्याखाली वाटला तर कागद मागा. इंग्लंडमधली दुकानं काउंटरवर हेच करतात. ‘चॅलेंज २५’ म्हणतात त्याला. अट १८ची, पण २५च्या आतला दिसला की ओळखपत्र मागायचं. आपल्या गल्ल्यावर लावायलाही चांगला नियम आहे बरं का.

डिजिलॉकर आणि आधार. आपल्याकडचा मजबूत पाया हाच. आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाइल असते, तिच्यावर डिजिटल सही असते, त्यामुळे फोटोशॉप केलेलं कार्ड पकडता येतं. कार्डावरचा क्यूआर कोड स्कॅन करूनही तपासता येतं. नुसता कार्डाचा फोटो मागणं ही यातली सर्वांत कमकुवत पद्धत, कारण तो खरा आहे का ते कळत नाही आणि माहिती मात्र सगळी हातात येते. दुसरा काही मार्ग नसेल तर निदान मास्क्ड आधार मागा, त्यात नंबरचे शेवटचे चार आकडेच दिसतात.

एक बारीक गोष्ट. आधार हा जन्मतारखेचा पक्का पुरावा नाही, असं सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या खटल्यात म्हटलंय. त्यामुळे जिथे चूक झाली तर थेट गुन्हा दाखल होतो, तिथे कुठला पुरावा चालेल हे वकिलाला विचारूनच ठरवा.

इंग्लंडमध्ये काय झालं? त्यातून शिका

हा धंदा एवढा का वाढला ते समजायला इंग्लंडचं उदाहरण चांगलं आहे. त्यांनी २०१७ मध्येच कायदा केला होता की पोर्न साइटने वय तपासावं. अंमलबजावणी पुढे ढकलत ढकलत ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांनी तो बेत सोडून दिला. मग आला ऑनलाइन सेफ्टी अ‍ॅक्ट २०२३. त्याप्रमाणे २५ जुलै २०२५पासून नुसती टिक चालणं बंद झालं. तिथलं नियामक मंडळ ऑफकॉम म्हणतं, तपासणी ‘अत्यंत प्रभावी’ हवी. नियम मोडला तर दंड १.८ कोटी पाउंड किंवा जगभरातल्या उलाढालीच्या १० टक्के, यातलं जे मोठं असेल तिथपर्यंत.

त्यानंतर तीन गोष्टी घडल्या, तिन्ही धंद्याच्या दृष्टीने बघा.

पहिली, लोकांनी पळवाट शोधली. व्हीपीएन अ‍ॅपची मागणी एकदम वाढली. काहींनी तर एका व्हिडिओ गेममधल्या पात्राचा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरून तपासणी पार केली! धडा: शंभर टक्के पक्कं काहीच नसतं. तुमचं काम प्रामाणिक आणि वाजवी प्रयत्न करणं, आणि तो केल्याची नोंद ठेवणं.

दुसरी, माहिती फुटली. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या चॅटिंग कंपनीने जाहीर केलं की सुमारे ७० हजार वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघड झाले असू शकतात. ‘माझं वय चुकीचं धरलंय’ अशी तक्रार करताना लोकांनी हे कागद पाठवले होते, आणि ते बाहेरच्या एका कंपनीच्या यंत्रणेतून गेले. धडा: मुख्य दरवाजा कितीही पक्का असू दे, मागच्या दारी तक्रारींच्या फायलीत कागद पडून असतील तर उपयोग शून्य. माझ्या व्हॉट्सअ‍ॅपचंच हे मोठं रूप. फरक फक्त आकड्याचा.

तिसरी, बाकी देशही त्याच वाटेला लागले. अमेरिकेत टेक्सास राज्याचा पोर्न साइटवर वय तपासण्याचा कायदा तिथल्या सुप्रीम कोर्टाने २७ जून २०२५ रोजी वैध ठरवला. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५पासून १६ खालच्यांना मोठ्या सोशल मीडियावर खातं ठेवायला मनाई केली. मला ऑस्ट्रेलियाच्या कायद्यातल्या दोन अटी फार आवडल्या. सरकारी ओळखपत्र हा एकमेव पर्याय ठेवायचा नाही, दुसराही वाजवी मार्ग द्यायचा. आणि वय तपासायला घेतलेली माहिती काम झालं की नष्ट करायची. आपल्याला कोणी सांगितलं नसलं तरी या दोन अटी आपण स्वतःला लावून घेऊ शकतो.

आपल्याकडचा कायदा: मुलं ग्राहक असतील तर हे वाचाच

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३, म्हणजे डीपीडीपी. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि व्यवसायांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत दिलीय, म्हणजे साधारण मे २०२७. ‘अजून वेळ आहे’ म्हणून झोपू नका. तयारीला वेळ लागतो.

आपल्या कामाचे मुद्दे:

- या कायद्यात १८च्या आतला प्रत्येक जण मूल आहे. सोळा वर्षांचा अकरावीतला मुलगा पण मूलच.
- मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. फॉर्मखाली ‘पालक सहमत आहेत’ अशी टिक ठेवून भागणार नाही.
- मुलावर पाळत ठेवणं, त्याच्या सवयी टिपून त्याला जाहिराती दाखवणं याला मनाई आहे. शाळा, दवाखाने वगैरेंना ठरावीक कामांपुरती सवलत आहे, सरसकट नाही.
- मुलांबद्दलच्या जबाबदाऱ्या मोडल्या तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर केली तर २५० कोटींपर्यंत. आकडा बघून घाबरू नका. ही कमाल मर्यादा आहे, आणि दंड ठरवताना चूक किती गंभीर वगैरे बघायचं असतं.
- काम संपलं की माहिती पुसायची.

पालक खरंच मोठा माणूस आहे हे कसं तपासायचं? नियमांनी मार्ग दिलाय. पालक आधीच तुमच्याकडे नोंदलेला असेल आणि त्याची ओळख-वय तुमच्याकडे खात्रीने असेल तर ते चालतं. नाहीतर पालक स्वतः ओळखीचा तपशील देऊ शकतो, किंवा डिजिलॉकरसारख्या सेवेकडून टोकन देऊ शकतो. परत तेच, वजनकाट्याची पावती!

साध्या भाषेत उदाहरण. तुमचा चित्रकला वर्ग आहे. फॉर्म मुलाने भरायचा नाही, पालकाने भरायचा. पालकाची पडताळणी एकदा, मग त्यांच्या खात्याखाली मुलाचं नाव आणि इयत्ता. जन्मतारीख लागते का? गट पाडायला इयत्ता पुरते. मग जन्मतारखेचा रकाना काढून टाका. शाळेचं नाव, घरचा पत्ता, वडिलांचा व्यवसाय हे रकाने आपण केवळ सवयीने ठेवतो. रकाना कमी तितकी जोखीम कमी.

सेवा घेताना विचारायचे आठ प्रश्न

भारतात केवायसीची कामं करणाऱ्या आयडीफाय, हायपरव्हर्ज, सिग्नझी अशा कंपन्या आहेत, परदेशात योटी, पर्सोना वगैरे. नाव मोठं म्हणून भुलू नका. सेल्सच्या माणसाला हे विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा.

१. तपासणीनंतर फोटो आणि कागद किती वेळ ठेवता? ‘लगेच पुसतो’ हे करारात लिहून द्याल का?
२. मला फक्त ‘हो/नाही’ पाठवता येईल का? जन्मतारीख मला नकोच आहे.
३. ग्राहकाचे फोटो तुमचं सॉफ्टवेअर शिकवायला वापरता का?
४. डेटा कोणत्या देशात राहतो? पुढे आणखी कोणत्या कंपनीकडे जातो?
५. मशीनने चूक केली, ३० वर्षांच्या बाईंना अडवलं, तर त्यांनी दाद कुठे मागायची? तो कागद कोण बघतं आणि मग कुठे जातो?
६. साधा अँड्रॉइड फोन आणि कमी रेंज असेल तर चालतं का? मराठीत सूचना आहेत का?
७. एका तपासणीचा दर काय, महिन्याला किमान किती भरावे लागतात, आणि फसलेल्या तपासणीचेही पैसे लागतात का?
८. माहिती फुटली तर मला किती तासांत कळवाल?

पहिल्या दोन प्रश्नांना जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून घेऊ नका. बास.

खर्चाचं गणित

समजा एका तपासणीला १० रुपये पडतात (हा आकडा फक्त गणितापुरता, खरा दर कोटेशनमध्ये बघा). महिन्याला ३०० ऑर्डर आहेत, त्यातल्या ४० मध्येच वयाची अट असलेली वस्तू आहे. साइटच्या दारातच सगळ्यांना अडवलं तर ३०० गुणिले १०, म्हणजे ३,००० रुपये. शिवाय साबण घ्यायला आलेला ग्राहक ‘कशाला हवाय माझा सेल्फी?’ म्हणत पळणार, ते नुकसान वेगळं. त्याच वस्तूच्या पानावर तपासणी लावली तर ४० गुणिले १०, म्हणजे ४०० रुपये. आणि त्या ४० पैकी २५ जण नेहमीचे असतील, ज्यांची पावती तुमच्याकडे आधीच आहे, तर उरले १५. दीडशे रुपयांत काम.

दरवाजा कुठे लावायचा हे ठरवणं म्हणजे अर्धा खर्च वाचवणं.

आणि तुमच्याकडे महिन्याला दोन-तीनच अशा ऑर्डर येत असतील तर? मग प्रामाणिक सल्ला देतो. ती वस्तू वेबसाइटवरून काढा, फक्त काउंटरवर विका. तिथे तुमचे डोळे फुकट आहेत.

ऑनलाइन विकत असाल तर पार्सल देणाऱ्यालाही सांगून ठेवा. ऑर्डर बापाने केली आणि दार पोराने उघडलं, तर पार्सल परत. पोरगा ‘पप्पांनी सांगितलंय’ म्हणेलच. ते वाक्य काउंटरवर चालत नाही, तर दारातही चालायला नको.

तुमचा गृहपाठ

आज रात्री गल्ला मोजून झाला की अर्धा तास काढा.

१. तुमच्या वस्तू आणि सेवांची यादी करा. ज्यावर वयाची अट आहे त्यापुढे फुली मारा.
२. तुमचा प्रत्येक फॉर्म उघडा. प्रत्येक रकान्यापुढे लिहा, ‘हे कशाला लागतं?’ उत्तर आलं नाही तर रकाना काढा.
३. व्हॉट्सअ‍ॅप, गॅलरी, ईमेल आणि ड्राइव्हमध्ये ‘आधार’, ‘पॅन’ शोधा. ग्राहकांचे जे कागद सापडतील आणि कायद्याने ठेवायची गरज नाही, ते पुसा. कामावरच्या मुलांच्या फोनमधलेही.
४. ज्यांचे कागद पुसले त्यांना एक ओळीचा मेसेज टाका: ‘तुमचं काम झालंय, तुमच्या कागदपत्राचा फोटो आम्ही काढून टाकला आहे.’

चौथं काम बऱ्याच जणांना उगाच वाटेल. मी केलं होतं, १३७ जणांना. बहुतेकांनी अंगठा दाखवला आणि विषय संपला. पण त्या ताईंचं उत्तर आलं, ‘आता बरं वाटलं सर.’ पुढच्या बॅचला त्या स्वतः तर आल्याच, सोबत त्यांच्या बचत गटातल्या चार जणींना घेऊन आल्या.

त्या बॅचला मी कोणाकडूनच आधार मागितलं नाही.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर धंदा करा, हिशेब ठेवा, आणि दुसऱ्यांचे कागद ठेवू नका!